सात, पंधरा, वीस

६ तारीख, रात्र

उद्या टीडीएस, म्हणजे पगार-बिलांतून कापलेला कर, भरायचा. १५ ला पीएफ, २० ला जीएसटीचं ३बी, म्हणजे महिन्याचं विवरणपत्र. पगार त्याआधीच गेलेले. नव्या कंपनीत दोन संस्थापकांची भांडणं कधी होतात ते बघायचं असेल तर कॅलेंडरवर या तारखांना गोल करावेत. विषय भलताच असतो: लोगोचा रंग, मेलमध्ये कोणाला सीसी केलं नाही, नव्या मुलाला लॅपटॉप कोणता घ्यायचा. आत खदखदत असते ती खात्यातली शिल्लक, आणि बहुतेक वेळा ती दोघांपैकी एकालाच माहीत असते. बँकेचं ॲप उघडणाऱ्याची झोप उडते. दुसरा त्याच दिवशी गिऱ्हाइकाला सूट देऊन येतो.

म्हणून दर सोमवारी सकाळी पाच आकडे दोघांच्या फोनवर हवेत. खात्यात किती, त्यातले सरकारचे किती, या महिन्यात नक्की येणार किती, महिन्याचा खर्च किती, आणि किती दिवस पुरेल. खात्यात १८ लाख, त्यातले ३ लाख जीएसटी-टीडीएसचे, खर्च महिना ५ लाख. म्हणजे हातात ३ महिने. साडेतीन म्हणणारा सरकारचे पैसे आपले धरतोय, आणि जीएसटी थकला की वर्षाला १८ टक्के व्याज लागतं. 'नक्की येणार' मध्ये बिल गेलेलंच धरायचं. 'परवा फोनवर हो म्हणाले' याला तिथे जागा नाही.

दुसरी ठिणगी पगाराची. दोघांनी ३०,००० घ्यायचे असं ठरतं. एकाच्या घराचा हप्ता ३८,०००, दुसरा आईच्या हातचं जेवून ऑफिसला येतो. वर्षभरात हे कुठून तरी बाहेर पडतंच. ज्याला गरज आहे त्याला जास्त द्यावेत आणि फरक दुसऱ्याचं येणं म्हणून लिहून ठेवावा. त्यापोटी शेअर वाढवून देऊ नयेत. पैसे फिटतात, दिलेले शेअर परत येत नाहीत. आणखी एक खाच आहे. संचालकाने कंपनीला पैसे उसने दिले तर ते स्वतः कर्ज काढून आणलेले नाहीत असं लेखी द्यावं लागतं, नाहीतर ती रक्कम कंपनीने घेतलेली ठेव धरली जाते आणि तिला ठेवींचे कडक नियम लागतात. घरी न सांगता पर्सनल लोन काढून पगार भागवणारे इथे अडकतात, तेही सीए कागद मागतो तेव्हा.

१५ तारीख

शेअर ५०-५० वाटायला माझा विरोध नाही. पण मग कोंडी कशी फोडायची ते पहिल्याच दिवशी लिहा. एक पान पुरतं: विषय, शेवटचा शब्द कोणाचा, किती रुपयांपर्यंत. प्रॉडक्ट एकाचं, विक्री दुसऱ्याची. ५०,००० पर्यंत एकट्याने, त्यावर दोघांनी. कर्ज, नवा गुंतवणूकदार आणि संस्थापकांचा पगार या तिन्हींना दोघांचीही सही. एकमत नसेल तर प्रत्येकाने एक पान लिहून द्यायचं, ७२ तास थांबायचं, मग प्रॉडक्ट किंवा विक्री, ज्याचं खातं त्याचा शब्द.

हे पान फाटतं ते सीमेवर. विक्रीवाला मीटिंगमध्ये एका दमात म्हणतो, "दहा टक्के कमी करतो, आणि ते फीचर पुढच्या आठवड्यात देतो." दर त्याच्या खात्यातला, आठवडा दुसऱ्याच्या. तारीख देण्याआधी फोन करायचा, हे पानावर वेगळं लिहायला हवं.

आठवड्याची ४५ मिनिटांची बैठक शुक्रवारी संध्याकाळी ठेवू नये. दोघंही पिळून निघालेले असतात. काचेच्या केबिनमध्ये तर नकोच, बाहेरची पोरं ओठ वाचत बसतात. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि विचारायचं, "हेच म्हणतोयस ना?" पहिल्यांदा नाटकी वाटतं. पण निम्मे वाद तिथेच विरतात, कारण समोरचा म्हणतो, "नाही, मी असं म्हणालोच नाही." रात्री दहानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर निर्णय नाही, फक्त 'उद्या बोलू'.

आरडाओरडा करणाऱ्याची मला फारशी काळजी वाटत नाही. तो अजून गुंतलेला असतो. "तुला योग्य वाटेल ते कर" असं तिसऱ्यांदा म्हणणारा मनाने निघालेला असतो. दोनेक आठवडे झोप नाही, सकाळी ऑफिस नकोसं वाटतं, अशी गत झाली तर को-फाउंडरशी चर्चा पुरत नाही, डॉक्टर गाठावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं, फुकट.

२० तारीख

३बी गेलं. आता सोडून जाण्याचं गणित, जे कोणालाच सुरुवातीला काढायचं नसतं.

दोघांचे ५,००० – ५,००० शेअर. व्हेस्टिंग, म्हणजे शेअर महिन्यागणिक पक्के होणं, ४ वर्षांचं. पहिल्या वर्षाचा क्लिफ: वर्ष भरायच्या आत काहीच पक्कं नाही. अकराव्या महिन्यात गेला तर शून्य. अठराव्या महिन्यात गेला तर ५,००० चे १८/४८, म्हणजे १,८७५ त्याचे, ३,१२५ परत. हे लिहिलेलंच नसेल तर निम्मी कंपनी घेऊन तो दुसऱ्या नोकरीत बसतो. विशेष ठरावाला ७५ टक्के लागतात, त्यामुळे त्याच्या विरोधात एकही ठराव होत नाही. साधासुद्धा नाही, त्याला निम्म्याहून जास्त मतं हवीत. शेअर परत करण्याची ही कलमं संस्थापकांच्या करारात असतात आणि आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या नियमावलीत, राहून जातात. खासगी कंपनीत शेअर हस्तांतराची बंधनं आर्टिकल्समध्ये नसतील तर ती टिकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या रंगराज खटल्यापासून वकील सांगत आलेत. परत येणारे शेअर दर्शनी किमतीला घेतले आणि बाजारमूल्य त्याहून बरंच जास्त असेल तर घेणाऱ्याला फरकावर कर बसू शकतो. सीएला आधी विचारा.

तिघे असतील आणि दोघांनी मिळून तिसऱ्याला संचालकपदावरून काढलं, तरी भागधारक तो राहतोच. १० टक्के हातात असतील तर तो थेट एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणात, जाऊ शकतो. म्हणून पद आणि शेअर, दोन्हींचं बोलणं एकाच बैठकीत उरकावं.

राजीनाम्यानंतर संचालक बदलल्याचा फॉर्म डीआयआर-१२ तीस दिवसांत भरायचा, शेअर हस्तांतराचा फॉर्म एसएच-४ सही झाल्यापासून साठ दिवसांत कंपनीकडे द्यायचा. हे सीएस, म्हणजे कंपनी सेक्रेटरी, करतो. न होणारी कामं क्षुल्लक असतात: डोमेन त्याच्या खासगी ईमेलवर घेतलेलं, बँकेत त्याची सही तशीच. आणि जीएसटीचा ओटीपी अजून त्याच्याच फोनवर जातो, ऐन वीस तारखेला.