आमच्या सोप्यावरची गल्ली जत्रा

कोल्हापुरात आषाढ लागला की गणपतीच्या आधी गल्ल्यांना जाग आणते ती त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाई देवीची जत्रा. मंगळवार आणि शुक्रवार हे तिचे वार. पंचगंगेचं नवं पाणी घागरीतून वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर न्यायचं आणि देवळाच्या पायरीवर ओतायचं. पेठांतल्या तालमींची जत्रा मोठी, पण उपनगरातल्या मंडळाची मजा वेगळी, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पेठेतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखतात. आमच्याकडं कोण कागलचं, कोण गारगोटीचं, कोण पन्हाळ्याकडचं. नोकरीनं नाहीतर उद्यमनगरातल्या कामानं शहरात आलेली आणि माळावर प्लॉट घेऊन राहिलेली ही घरं. त्यांची गल्ली झाली ती जत्रेमुळं.

आमचं घर राजारामपुरीच्या पलीकडं, टेंबलाईकडं जाणाऱ्या चढाला. मंगलोरी कौलं, मागं परडं, त्यात शेवगा आणि कढीपत्ता, पुढं लांबलचक सोपा, म्हणजे ओसरी. एवढा सोपा कशाला बांधला, असं कुणी विचारलं की आई म्हणायची, "जत्रंला लागतोय की!"

सकाळी मंडळाची पोरं टेम्पोतून सगळ्यांना नदीवर न्यायची. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून झालेली ही नदी आषाढात लालसर गढूळ होऊन फुगलेली असते. कधी पाणी घाट चढून वर आलेलं असायचं, मग जिथं पाणी तिथंच घागरी भरायच्या. घागरीला हळदीकुंकू, तोंडाशी कडुलिंबाचे डहाळे, आणि पुढं वाजणारं पी ढबाक. तो ताल ज्यानं लहानपणी ऐकला त्याचे पाय आजही जागेवर राहत नाहीत. घागर डोक्यावर घेतलेल्या पोरीबाळी गल्लीत शिरल्या की दारादारांतून बायका तांब्या घेऊन पुढं व्हायच्या, त्यांच्या पायावर पाणी घालायच्या. आमच्या दारात गुडघ्याएवढ्या पोरीच्या पायावरही आजी वाकून पाणी घालायची.

चढ चढताना वडील देवीची गोष्ट सांगायचे. अंबाबाईच्या विजयाच्या सोहळ्यात आपल्याला बोलावलं नाही म्हणून त्र्यंबोली रुसली आणि शहराकडं पाठ करून टेकडीवर बसली. तिची समजूत काढायला ललिता पंचमीला खुद्द अंबाबाईची पालखी येते, कोहळा फोडला जातो. म्हणून जत्रेचं आवतण देताना गल्लीतलं एकही घर चुकवायचं नाही, हा वडिलांचा दंडक. वर्गणी दिली नसली तरी आवतण जायचंच.

दुपारी सोप्यावर मटणाचे वाटे पडायचे. केळीची पानं अंथरलेली, प्रत्येक पानावर थोडं हाडाचं, थोडं बिनहाडाचं, काळजाचा एखादा तुकडा. कुणाला कमीजास्त नको म्हणून मंडळातले एक तात्या वाट्यांकडं पाठ करून उभे राहायचे. दुसऱ्यानं पानावर बोट ठेवून विचारायचं, "ह्यो कुणाचा?" तात्या न बघता सांगायचे, "मास्तरांचा." "ह्यो?" "कोपऱ्यावरच्या काकींचा." ज्याच्या वाट्याला जे आलं ते आलं, तक्रार कुणाचीच नसायची. इतकी सोपी आणि इतकी चोख वाटणी मी पुढं कुठल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाहिली नाही.

माळकरी घरांसाठी आई वेगळ्या चुलीवर वेगळं करायची, आणि ते ताट आधी जायचं. संध्याकाळी घरोघरी रस्सा उकळत असायचा. पांढऱ्याचं पातेलं आमच्याकडून शेजारी, तांबड्याचं त्यांच्याकडून आमच्याकडं. प्रत्येक घरचा मसाला निराळा, म्हणून चव बघायला सगळेच फिरायचे.

आता तिथं बिल्डिंग आहे, सोपा गेला. वाटे पार्किंगमध्ये पडतात, वर्गणी फ्लॅटमागं घेतात. तात्यांचा मुलगा पाठ करून उभा राहतो. नवे भाडेकरू पहिल्या वर्षी जरा लांबूनच बघतात, दुसऱ्या वर्षी डबा घेऊन खाली येतात. आवतण मात्र वडिलांच्या रीतीनं दारोदार जाऊनच द्यायचं, मोबाईलवरचा मेसेज चालत नाही. यंदा ते काम माझ्याकडं आहे.