यश नशिबाचं, अपयश तेवढं माझं

पहिला नंबर आला तर पेपर सोपा होता. बढती मिळाली तर दुसरं कुणी नव्हतं म्हणून. आणि एकदा काही फिसकटलं की कारण शोधावंच लागत नाही: माझी लायकीच नव्हती! इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात तो हा असा एकतर्फी हिशेब.

पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली कर्तबगार स्त्रियांबद्दल लिहिताना हे पहिल्यांदा मांडलं. पुढे ते पुरुषांतही सापडलं. 'सिंड्रोम' हे शेपूट नंतर चिकटलं. हा आजार नव्हे.

खरी मेख आहे ती त्याच्या चक्रात. काम अंगावर आलं की धास्ती बसते. मग एक तर दहा मिनिटांच्या प्रेझेंटेशनसाठी चाळीस स्लाइड्स, नाही तर शेवटच्या रात्रीपर्यंत टाळाटाळ. काम जमतंच. पण पहिल्या वाटेने गेलेला म्हणतो, 'मर मर मेलो म्हणून निभावलं', आणि दुसरा म्हणतो, 'नशिबाने वाचलो'. कुवतीच्या खात्यावर दोघांच्याही काहीच जमा होत नाही. म्हणूनच 'अरे, तू हुशार आहेस' हे शंभरदा सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्यापेक्षा वही करा. कामाच्या आधी तीन गोष्टी लिहा: नेमकं काय फिसकटेल, भीती शंभरपैकी किती आणि तयारीला किती तास देणार. काम झाल्यावर त्याच दिवशी, काय घडलं ते. उदाहरणार्थ: 'सेमिनार. पहिल्याच प्रश्नाला गप्प बसेन. भीती ८०. तयारी ६ तास.' आणि खाली: 'सात प्रश्न आले. पाचांची उत्तरं दिली, एकाला बघून सांगते म्हटलं, सातवा प्रश्न नव्हताच, भाषण होतं.' 'वाईट जाईल' असं मोघम लिहिलंत तर पडताळणार काय? आणि भीती नंतर आठवून लिहू नका. काम पार पडल्यावर ती आपोआप लहान वाटते. आठ-दहा नोंदी झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

मग तयारीला कात्री लावा. बारा तास घेत असाल तर नऊ घ्या. अर्थात बोर्डाच्या परीक्षेवर किंवा मोठ्या क्लायंटवर हा प्रयोग नको, आठवड्याच्या मीटिंगवर करा. नऊ तासांतही तेवढंच जमलं तर 'मर मर मेलो म्हणून' हे लंगडं पडतं.

कुणी कौतुक केलं की 'छे हो, कसलं काय' तोंडात येतं. ते गिळा. 'थँक्यू' म्हणा आणि विचारा, 'यातलं तुम्हाला नेमकं काय उपयोगी पडलं?' उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा.

कधी कधी मात्र खरंच काही येत नसतं. 'मला काहीच येत नाही' याऐवजी 'मला रिग्रेशनचे आकडे वाचता येत नाहीत' असं म्हणता आलं, तर ती शिकायची गोष्ट आहे, शिकून घ्या. असं नाव देताच येत नसेल तर बहुधा ती नुसती धास्ती.

आणि नवख्या माणसाला कुणी काम समजावूनच दिलं नाही, मीटिंगमध्ये त्याचं बोलणं दर वेळी मध्येच तोडलं जातं, तर तिथे वही पुरणार नाही. तो दोष जागेचा आहे आणि वरिष्ठांशी बोलायचं ते त्याबद्दल. झोप उडाली, कामावर जायच्या विचारानेच पोटात गोळा यायला लागला, तर समुपदेशकाकडे जा. जाताना वही सोबत न्या, पहिल्या भेटीतला बराच वेळ वाचतो.