दोष टूथलेसचा नव्हताच

आज भाचीसोबत ‘हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन’चा 2014 साली आलेला दुसरा भाग पुन्हा पाहिला. नायक हिकपचा बाप स्टॉइक, हिकपच्याच लाडक्या ड्रॅगनच्या, टूथलेसच्या आगीत मरतो तिथे ती रडली नाही, चिडली. "टूथलेसने का मारलं?" पॉपकॉर्न बाजूला सरकवून थेट जाब!

तिला सांगितलं, तो तेव्हा टूथलेस नव्हताच गं. खलनायक ड्रॅगोच्या त्या अजस्र अल्फाने, म्हणजे बाकी ड्रॅगन्सना हुकूम देणाऱ्या म्होरक्या ड्रॅगनने, त्याच्या मनाचा ताबा घेतला होता. बघ, डोळ्यांच्या बाहुल्या कशा रेघेएवढ्या झाल्यात. हिकप समोर उभा आहे, टूथलेस आग ओकतो आणि बाप मधे येतो. मला त्याहून जास्त लागतं ते नंतरचं. शुद्धीवर आलेला टूथलेस स्टॉइकला नाकाने हुंगायला येतो आणि हिकप त्याला ढकलून देतो. बिचाऱ्याला आपण काय केलं तेच कळलेलं नसतं.

आणि तो अल्फा? ड्रॅगोच्या साखळ्यांनी जखडलेला तोही कैदीच. (ड्रॅगोची भूमिका लिहिणाऱ्याला मात्र दाद, हात गमावलेला माणूस ड्रॅगन्सनाच हत्यार करतो.)

भाचीने टूथलेसला माफ केलंय. ड्रॅगोला नाही. आता तिसरा भाग लाव म्हणून मागे लागलीये.