तुम्ही विचारलंत म्हणून: प्रचाराची यंत्रणा मदतीला लावली, तर बिघडले कुठे?

निवडणुकीचे हिशेब लिहिणे हा माझ्या करसल्लागारीच्या व्यवसायातला हंगामी भाग आहे. सोलापुरात लोकसभेपासून महापालिकेपर्यंत कोणतीही निवडणूक लागली की एक-दोन उमेदवारांच्या खर्चाचे काम माझ्याकडे येते आणि त्याच्यापाठोपाठ एक प्रश्न येतो. विचारणारा कधी उमेदवाराचा कार्यकर्ता असतो, कधी नवी पेठेतला दुकानदार, कधी घरातलेच कोणी. "उमेदवाराकडे गाड्या आहेत, पोरं आहेत, पैसा आहे. लोकांना पाणी नाही, नाहीतर पूर आलाय. मग त्यानं हे सगळं मदतीला लावलं तर बिघडलं कुठं ओ?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो, कारण या प्रश्नाला तडकाफडकी होय किंवा नाही म्हणणाऱ्याने खर्चाची नोंदवही सहसा उघडून पाहिलेली नसते.

लोकसभेच्या आणि विधानसभेच्या उमेदवाराला मिळणाऱ्या या नोंदवहीचे तीन भाग असतात: पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोखीचा व्यवहार आणि पिवळ्या पानांवर बँकेचा. खर्चासाठी बँकेत स्वतंत्र खाते अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडावे लागते, प्रचाराच्या काळात निरीक्षक ही वही तीनदा तपासतात आणि निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे पोहोचवावा लागतो. महाराष्ट्रात लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये ही सध्याची मर्यादा आहे. जिल्हा प्रशासनाचे दरपत्रक असते, त्यात मंडप, खुर्च्या, चहा, नाश्ता, हार, फेटे, रिक्षावरचा भोंगा अशा गोष्टींचे दर ठरलेले असतात, आणि आपण किती स्वस्तात आणले हे उमेदवाराने कितीही पटवून सांगितले तरी तपासणी पथक आपल्या नोंदवहीत दरपत्रकाप्रमाणेच रक्कम मांडते. (महापालिका आणि जिल्हा परिषदेचे नियम राज्य निवडणूक आयोगाचे असतात. तपशील वेगळे असले तरी गाभा तोच.) इतक्या बारकाईने आखलेल्या या वहीत मदतीला मात्र रकाना नाही.

रकाना राहून गेला, असे नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३ नुसार मत मिळवण्याच्या हेतूने उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने अन्य कोणी मतदाराला दिलेली अथवा देऊ केलेली भेट ही लाच ठरते आणि ती पैशाच्याच रूपात असावी अशी अट नाही. धान्याची पिशवी, चष्मा, पाण्याचा टँकर, सारे त्यात बसू शकते. म्हणजे हिशेब लिहिणाऱ्यापुढे पेच उभा राहतो. टँकरचा खर्च प्रचाराचा म्हणून लिहिला, तर तो मतांसाठी होता हे उमेदवाराने स्वतःच्या सहीने कबूल केल्यासारखे होते. लिहिला नाही, तर खर्च लपवला असा ठपका येतो.

हा पेच माझ्या टेबलावर प्रत्यक्ष येऊन पडला तो २०२४ च्या उन्हाळ्यात. सोलापूर आणि माढा या दोन्ही मतदारसंघांत ७ मे रोजी मतदान होते. आदल्या पावसाने दगा दिल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शासनाने दुष्काळी जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत आपल्या जिल्ह्यातले सांगोला, माळशिरस, बार्शी, करमाळा आणि माढा हे पाच तालुके होते, उजनी धरणाची पातळी मृतसाठ्यात खोल गेली होती, आणि एरवीही चार-पाच दिवसांआड पाणी पाहणाऱ्या या शहरात पूर्व भागातल्या गल्ल्यांमधून नळाच्या वेळेवरून भांडणे लागत होती. अशा दिवसांत एका उमेदवाराचा कार्यकर्ता पावत्यांचा गठ्ठा घेऊन आला. बोअरवरून टँकर भरून देणाऱ्याच्या त्या पावत्या होत्या. प्रत्येकीवर गल्लीचे नाव आणि त्याखाली निळ्या पेनाने "साहेबांकडून" असे लिहिलेले. "मालक, हे प्रचार कार्यालयातलं पिण्याचं पाणी म्हणून लावून टाका," असे तो म्हणाला. एवढ्या पाण्यात ते कार्यालय वाहून गेले असते, हे मी त्याला सांगितले आणि गठ्ठा परत दिला. पुढे ती रक्कम कुठल्या मंडळाच्या नावावर गेली याची मी चौकशी केली नाही, पण उमेदवाराच्या संमतीने मंडळाने खर्च केला तरी कायद्याच्या नजरेतून तो सुटत नाही, एवढे त्याच्या कानावर घातले.

आता तुम्ही म्हणाल, की पाणी तर खरेच पोहोचले, कोणाच्या तरी घागरी भरल्या, मग त्याला लाच म्हणणे हा कोडगेपणा नाही का? हे म्हणणे मी झटकून टाकत नाही. मत देण्याच्या मोबदल्यात काही स्वीकारणे हाही गुन्हा आहे, पण उन्हात घागर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या विडी कामगार बाईला कायद्याचे कलम ऐकवणारा मी कोण? तिने पाणी जरूर घ्यावे. माझी तक्रार देणाऱ्याबद्दल आहे, आणि तीही त्याने पाणी दिले म्हणून नव्हे. टँकरवाल्या साहेबांचे मोल नळ कोरडा असतो तोवरच टिकते. ज्याची लोकप्रियता नळाच्या कोरडेपणावर उभी आहे, त्याने निवडून आल्यावर जलवाहिनीसाठी भांडावे ही अपेक्षा फार भाबडी आहे. त्यातही सोलापूर महापालिकेत मार्च २०२२ पासून लोकनियुक्त सभागृहच नव्हते. प्रशासकाच्या त्या काळात तक्रार घेऊन जायला नगरसेवक नव्हता, आणि ती मोकळी जागा इच्छुकांनी टँकरने भरून काढली.

इच्छुकांचा विषय निघाला म्हणून कायद्यातली सर्वांत मोठी फट सांगतो. खर्चाचा हिशेब अर्ज भरल्याच्या तारखेपासून सुरू होतो आणि निकालाच्या तारखेला संपतो. आधी घेतलेले साहित्य पुढे प्रचारात वापरले तर ते मोजावे लागते, पण आधीच वाटून संपलेली वस्तू कोणत्याच पानावर येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरले, लांबोटीजवळ पुणे महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली. त्या वेळी नगरपरिषदा, जिल्हा परिषद आणि महापालिका या सगळ्या निवडणुका तोंडावर होत्या, पण अर्ज कोणाचाच भरलेला नव्हता. त्यामुळे किराण्याच्या पिशवीवर स्वतःचा हसरा फोटो छापून ती चिखलात उभ्या असलेल्या माणसाच्या हाती देणे खर्चाच्या हिशेबाच्या कक्षेबाहेरच होते. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात अशाच फोटोंवरून राज्यभर टीका झाली. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात तर सरकारी धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्री आणि स्थानिक आमदारांच्या फोटोंची स्टिकरे निघाली होती, आणि ऑक्टोबरमध्ये विधानसभेचे मतदान होते. स्वतःच्या खिशातले धान्य देऊन नाव लावणाऱ्याला मी एक वेळ समजून घेईन. सरकारी धान्यावर नाव लावणाऱ्याला नाही. पण नियम असा उफराटा आहे, की अर्ज भरलेला उमेदवार एक टँकर पाठवतो तेव्हा अडकतो, आणि महिनाभर आधी ट्रकच्या ट्रक वाटणारा इच्छुक मोकळा फिरतो. त्यात भर म्हणून, पक्षाने जाहीरनाम्यात वस्तू फुकट देण्याचे वचन दिले तर तो कलम १२३ खालचा भ्रष्टाचार ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तामिळनाडूतल्या टीव्ही आणि मिक्सरच्या प्रकरणात म्हटले, जरी अशा खैरातीने निवडणुकीच्या निकोपपणाला धक्का बसतो हेही त्याच निकालात नोंदवले.

अमेरिकेत हेच चालते, मग आपल्याकडे का नाही, असेही काही जण विचारतात. तिथल्या संघीय कायद्यानुसार उमेदवाराला प्रचारनिधीतून धर्मादाय संस्थेला देणगी देता येते, मात्र त्या संस्थेकडून त्याला स्वतःला मोबदला मिळता कामा नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये कडाक्याच्या थंडीने वीज गेली, तेव्हा न्यूयॉर्कच्या एका लोकप्रतिनिधीने आपल्या समर्थकांच्या जाळ्यातून सुमारे ५० लाख डॉलर उभे केले आणि ते तिथल्या मदतसंस्थांना गेले. हे आपल्याला चालण्यासारखे आहे, पण त्यातला फरक पाहा. तिथे पैसा संस्थेकडे जातो आणि त्याची नोंद कोणीही वाचू शकतो. आपल्याकडे आग्रह असतो तो पिशवी स्वतःच्या हाताने देण्याचा, शेजारी फोटोग्राफर उभा करून.

माझ्याकडे येणाऱ्या उमेदवारांना मी विचार करायला सांगतो तो वेगळ्याच गोष्टीचा. प्रचारातली सर्वांत मौल्यवान चीज पैसा नाही, माणसे आणि माहिती आहे. बूथवरच्या कार्यकर्त्याला आपल्या यादीतले कोणते घर कुलूपबंद आहे, कुठे अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, कोणत्या वस्तीवर टँकर पोहोचत नाही, हे तोंडपाठ असते. पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक झाली ती १७ एप्रिल २०२१ रोजी, कोरोनाची दुसरी लाट चढत असताना. अशा काळात ही माहिती तहसील किंवा आरोग्य यंत्रणेच्या हाती देणे, हे कोणत्याही पिशवीपेक्षा मोठे काम ठरले असते आणि त्यात एक रुपयाही मतदाराच्या हातात जात नाही.

टंचाईचेही तसेच आहे. आचारसंहितेमुळे टँकर मिळत नाही, ही सोयीस्कर समजूत आहे. आचारसंहिता नव्या घोषणा आणि नवी कामे अडवते. चालू टंचाई निवारण थांबवत नाही. ग्रामपंचायतीने मागणी करायची, तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांनी पाहणी करायची आणि प्रांताधिकाऱ्यांनी मंजुरी द्यायची, ही वाट निवडणुकीतही उघडी असते. या वाटेवर कागद अडकतो तो बहुतेकदा मागणीच्या अर्जापाशीच: लोकसंख्या आणि जनावरांचा आकडा नाही, विहिरीचा उल्लेख नाही, ठराव नाही. दोन हुशार पोरे दिवसभर बसली तर पाच वाड्यांचे अर्ज नीट होतात. हे सांगितले की समोरचा शांतपणे ऐकतो आणि विचारतो, "बरोबर आहे मालक, पण त्यात आमचं नाव कुठं येतं?" एका उमेदवाराने मात्र खरेच दोन मुले या कामाला बसवली. तो पडला, पण अर्ज मंजूर झाले आणि टँकर मतदानानंतरही पाऊस पडेपर्यंत येत राहिले.

रस्त्यात भोवळ येऊन पडलेल्या माणसाला प्रचाराच्या गाडीतून सिव्हिलला नेले, तर चालेल का, असेही मला गंभीरपणे विचारले गेले आहे. अर्थातच न्यावे. कोणताही निरीक्षक त्याला हरकत घेणार नाही, आणि घेतलीच तर मी उत्तर लिहून देईन. फक्त त्याचा व्हिडिओ करून ग्रुपवर टाकू नये.

उरलेल्या पैशांबद्दल विचाराल, तर तिथे वाट सरळ आहे. निकाल लागला, हिशेब दाखल झाला, की उमेदवार पुन्हा साधा नागरिक असतो. त्याने मुख्यमंत्री सहायता निधीला धनादेश द्यावा, गल्लीत बोअर मारून द्यावी, पाहिजे तेवढे टँकर पाठवावेत. त्या निवडणुकीतली मते मोजून झालेली असतात. या मदतीची वही कशी ठेवायची हे विचारायला मात्र आजवर माझ्याकडे कोणी आलेले नाही.