पाचशे नव्व्याण्णव की सहाशे?

एम.ए.ला इतिहासात पहिला वर्ग, नेट पास, आणि पीएच.डी.च्या मुलाखतीला मी विषय काय घेऊन गेले? 'मराठेशाहीचा आर्थिक इतिहास'! समितीतले एक सर म्हणाले, "नियमाने तुम्हाला सहा वर्षं मिळतात. हे किती जन्मांत करणार?" प्रवेश मिळाला, पण 'व्याप्ती कमी करा' या शेऱ्यासकट. कोर्सवर्कबद्दल सांगण्यासारखं काही नाही, एक सत्र गेलं.

विषय आटोक्यात आला तो पुण्याच्या पेशवे दफ्तरात. तिथे कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवलेत, त्यांना रुमाल म्हणतात. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडून ४५ खंड छापले, त्यामुळे कामाचं सगळं छापून झालं असेल अशी माझी समजूत. पहिल्याच रुमालात जकातीचे हिशेब निघाले. किती बैल, कसला माल, कोणाला दस्तक, म्हणजे परवाना, देऊन जकात माफ. लढाया आणि कारस्थानं शोधणाऱ्याला यात रस कशाला असेल? मी मात्र तिथेच रमले. घाटवाटांवरची जकात हा विषय असा ठरला.

मोडी मी शिबिरात शिकले होते. शिबिरातली मोडी म्हणजे शाळेतलं शुद्धलेखन! इथे आधी ओळभर रेघ ओढलेली, खाली हात न उचलता लिहिलेलं, शब्द कुठे तुटतो ते आपण ठरवायचं, ऱ्हस्व-दीर्घाचं नावच नाही.

पण खरा इंगा दाखवला तारखांनी. या कागदांतली वर्षगणना म्हणजे शुहूर सन, तो अरबी शब्दांत लिहितात. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे तीन, सत्तर, शंभर, हजार, एकूण ११७३. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन, एवढं मी पाठ केलेलं. महिना हिजरी, चांद्र. वर्ष मात्र मृगाला बदलणारं, सौर. एकदा याच सनातला, जिल्काद महिन्यातला एक कागद मी 'फेब्रुवारी १७७२' म्हणून नोंदवला. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी वही उघडली आणि शांतपणे विचारलं, "यात नारायणराव पेशवे आहेत. मग माधवरावांचं काय केलंस?"

थोरले माधवराव गेले नोव्हेंबर १७७२ मध्ये, नारायणराव पेशवे झाले ते त्यानंतर. जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदांना ६०० मिळवायचे असतात, म्हणजे हा कागद १७७३ चा. तोवर तीन वह्या भरल्या होत्या. दिवाळीची सुट्टी त्या तपासण्यात गेली.