‘ती त्याच्याकडे गेलीच कशाला?’

नवऱ्याच्या हातून मारल्या गेलेल्या डोरोथी स्ट्रॅटन या मॉडेल-नटीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, ‘पण ती त्याच्याकडे एकटी गेलीच कशाला?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, तरी मला ते फार लागतं.

ती हिशेब मिटवायला गेली होती. लग्न मोडलं होतं आणि नवऱ्याला किती पैसे द्यायचे ते ठरायचं होतं. वकिलांना बोलू दे, असा सल्ला तिला मिळाला होता. पण तो अलीकडे बरा वागत होता, समोरासमोर बसलो तर गोडीत मिटेल, असं तिला वाटलं. १४ ऑगस्ट १९८० च्या दुपारी ती लॉस एंजेलिसमधल्या त्या घरी गेली. त्या नवऱ्यानं, पॉल स्नायडरनं, शॉटगननं तिचा जीव घेतला आणि मग स्वतःचा. शॉटगन त्यानं नुकतीच, वर्तमानपत्रातली जाहिरात बघून विकत घेतली होती. डोरोथी २० वर्षांची होती.

लोक तिला भोळी म्हणतात. मला ते पटत नाही. जून १९८० मध्येच तिनं त्याला रीतसर पत्र पाठवून आपण वेगळे झालो आहोत असं कळवलं होतं. भोळी मुलगी हे करत नाही. तिला त्या घरात नेलं ते उपकाराच्या ओझ्यानं, असं मला वाटतं. व्हँकूव्हरमध्ये शाळेत शिकता शिकता ती आईस्क्रीमच्या दुकानात काम करायची, तिथं यानं तिला हेरलं. तो तिच्याहून जवळजवळ नऊ वर्षांनी मोठा. त्यानंच तिचे फोटो काढवून ‘प्लेबॉय’ या अमेरिकन मासिकाकडे पाठवले. जून १९७९ मध्ये लग्न झालं, ऑगस्टच्या अंकात ती झळकली, पुढच्या वर्षी ‘प्लेमेट ऑफ द इयर’, म्हणजे मासिकाची वर्षाची मॉडेल, झाली. त्यानं आपल्या गाडीच्या नंबरप्लेटवर ‘स्टार ८०’ लिहून घेतलं. तारा ती, पाटी याच्या गाडीला! तिच्या कमाईवर आपला जन्मभराचा हक्क आहे, हे त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं. आणि ज्यानं आपल्याला वर आणलं त्याला रिकाम्या हातानं घालवायचं नाही, एवढी माणुसकी तिच्यात होती.

घरगुती हिंसाचार सोसणाऱ्या बायकांसोबत काम करणारे कळकळीनं सांगत असतात की बाई सोडून निघते तो काळ सगळ्यात धोक्याचा. त्यात नवरा एकाएकी गोड बोलायला लागला की आपणच तिला म्हणतो, ‘बघ, सुधारला, जा एकदा बोलून ये.’ असं म्हणणारे आपण फार जण आहोत, म्हणून हे लिहिते आहे.

दिग्दर्शक पीटर बोग्दानोविचच्या ज्या विनोदी चित्रपटात तिनं शेवटचं काम केलं, तो तिच्या मागे १९८१ मध्ये आला. त्यात ती एका संशयी नवऱ्याची बायको आहे आणि त्यानं तिच्या मागावर गुप्तहेर लावलेत. प्रत्यक्षातही स्नायडरनं तिच्यामागे खाजगी गुप्तहेर लावला होता. हे माहीत असताना तो चित्रपट बघणं मला जड गेलं. पण ती पडद्यावर आली की हे सगळं विसरायला होतं, इतकी ती सहज वावरते. जोरात विनोद करणाऱ्यांच्या घोळक्यात ही शांतपणे, हलक्या आवाजात बोलते आणि नजर तिच्यावरच राहते. चांगली नटी होती हो ती. तिच्या मृत्यूवर इतकं लिहिलं गेलं, त्यात हे फार थोड्यांनी लिहिलं.