जुन्या कनूंचे कॅटलॉग आणि मी सोडून दिलेलं पान

गेल्या आठवड्यात एकांचा मेल आला, तुम्ही शेअर केलेल्या कॅटलॉगमध्ये किमतींचं पान का नाहीये म्हणून, आणि मला फार वाईट वाटलं कारण ते पान माझ्याकडे होतं, मीच स्कॅन केलं नव्हतं. लाकडी कनूंचे, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या निमुळत्या होड्यांचे, जुने अमेरिकन कॅटलॉग जमवायला लागलो तेव्हा मी फक्त कव्हरं बघायचो. शांत तळं, हिरवीगार कनू, वल्हं घेऊन बसलेली माणसं, सगळं इतकं सुंदर छापलेलं की आतली बारीक अक्षरं वाचायचं मनातच यायचं नाही. मग काय, कव्हर आणि चित्रांची पानं तेवढी स्कॅन केली, बाकीची राहू दिली.

पण खरी माहिती त्या राहिलेल्या पानांतच असते हो!

जुनी कनू हातात येते तेव्हा बहुतेकदा तिची ओळख पुसलेली असते, लाकडावर ताणलेला कॅनव्हास फाटलेला, रंगाचे चार-पाच थर, कंपनीची खूण गायब. ओल्ड टाऊनची निघाली तर नशीब, कारण अमेरिकेतल्या मेन राज्यातली ही कंपनी होडीच्या दोन्ही टोकांना आतल्या लाकडावर सिरियल नंबर ठोकायची आणि त्या नंबरचं कार्ड ठेवायची, त्यात लांबी, मॉडेल, लाकूड, रंग, कधी आणि कुठे पाठवली ते सगळं. वुडन कनू हेरिटेज असोसिएशन ही १९७९ पासूनची संस्था, तिच्या लोकांनी खपून ती कार्डं स्कॅन करून ठेवलीत. पण त्याच मेनमधल्या बी. एन. मॉरिस कंपनीचा कारखाना जळाला आणि रेकॉर्ड गेले. अशा वेळी कॅटलॉगशिवाय दुसरा आधार काय? टोकाला वर बसवलेल्या छोट्या फळीचा, म्हणजे डेकचा, पत्त्यांतल्या बदामासारखा आकार दिसला की लोक लगेच म्हणतात मॉरिस, पण तसे डेक इतरांनीही केलेत, त्यामुळे काठाची पट्टी कशी आहे, बरगड्या कशा बसवल्यात, सीट कुठली, हे सगळं एकेक करून ताडून बघावं लागतं. आणि हे लिहिलेलं असतं ते चित्राखालच्या बारीक अक्षरांत नाहीतर सुट्या प्राइस लिस्टमध्ये.

आता मी पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत सगळं स्कॅन करतो, कोरी पानं, ऑर्डर फॉर्म, पाकीटसुद्धा. पाकीट कशाला असं वाटेल, पण कितीतरी कॅटलॉगवर सालच छापलेलं नसतं आणि पोस्टाच्या शिक्क्यावरून निदान अंदाज तरी येतो. कोणी पेन्सिलने १७ फुटी मॉडेलपुढे खूण केली असेल तर ती खोडायची नाही, कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी विचार करत बसलं होतं त्याची ती खूण आहे.

जुने फोटो बारीक ठिपक्यांनी छापलेले असतात, कमी रिझोल्यूशनवर स्कॅन केलं की त्यावर लाटालाटांची नक्षी उमटते, म्हणून ६०० डीपीआय, रंगीत, मूळ फाइल टिफमध्ये. पातळ पानामागे काळा कागद ठेवला की पाठचं छापील दिसत नाही. पिन गंजलेली असेल तर ओढायची नाही, हळू सरळ करून काढायची. गुळगुळीत कागद ओल लागून एकमेकांना चिकटला असेल तर जोर लावू नका, पान सुटण्याऐवजी सोलूनच निघतं. आणि सेलोटेप तर अजिबात नको, त्याचा गोंद वर्षांनी तपकिरी होऊन कागदात मुरतो. स्कॅन झालं की पॉलिस्टरच्या पाकिटात सपाट ठेवायचं, पीव्हीसीच्या नाही, आणि माळ्यावर तर नाहीच.

रंगीत पानं फाडून फ्रेम करून विकणारे लोक बघितले की माझा संताप होतो. एक चित्र भिंतीवर जातं आणि एका कनूची अख्खी कुंडली कचऱ्यात.

शेअर केलं की मूळ प्रतीची किंमत पडते असंही काही जण म्हणतात, मला ते पटत नाही, ज्याला खरा कागद हवाय तो खरा कागदच घेणार. अमेरिकेत छापून ९५ वर्षं उलटून गेलेल्या कॅटलॉगना कॉपीराइटची अडचण नाही, नंतरच्यांचं मात्र तपासून बघा. आणि कोणाकडे एखादी दुर्मिळ प्रत असेल तर कॅनडातल्या पीटरबरोच्या कॅनेडियन कनू म्युझियमसारख्या ठिकाणी निदान स्कॅन तरी पाठवून ठेवा, एकाच घरात एकच प्रत म्हणजे जिवाला घोर.

तर तो मेल. त्यांच्या कनूला दोन्ही बाजूंनी काठाखाली ओळीने स्क्रूची भोकं आहेत, कशाची ते कळत नव्हतं, म्हणून लाकडाच्या खुंट्या ठोकून ते ती बुजवायला निघाले होते. मी त्याच रात्री पान स्कॅन करून पाठवलं. त्यात जादा पैसे देऊन मिळणाऱ्या गोष्टींमध्ये स्पॉन्सन आहेत, म्हणजे कनू उलटू नये म्हणून काठाखाली लांबच्या लांब बसवायचे हवेचे कप्पे. भोकं त्याचीच असावीत असं त्यांनाही वाटतंय, आता मोजमापं घेतायत, आणि खुंट्या ठोकायचं थांबवलंय.